जेमवर (सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवर) दुसरा नंबर आला, तरी ऑर्डर मिळू शकते का?

सांवेररोडकर: इंदूरला लोखंडी पलंगांचं छोटं युनिट आहे, उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) 'उत्पादक' म्हणून. केंद्राच्या एका संस्थेचं 200 पलंगांचं बिड होतं. एल-1, म्हणजे सर्वांत कमी दर देणारी, मोठी कंपनी, नगाला 10,000. आमचा दर 11,400. विषय संपला का?

निविदाकाका: नाही. केंद्राच्या 2012 च्या एमएसई (सूक्ष्म आणि लघु उद्योग) खरेदी धोरणानुसार एल-1 अधिक 15 टक्के, म्हणजे 11,500 पर्यंतचा दर प्राधान्याच्या पट्ट्यात बसतो. एल-1 चा दर मान्य केलात तर किमान 25 टक्के, म्हणजे 50 पलंग मिळायला हवेत. माल विभागता येत नसेल तर अख्खी ऑर्डरही मिळू शकते. पण दर 10,000 चाच! पत्रा, पावडर कोटिंग, भाडं धरून परवडतंय का ते आधी बघा. आणि बिड भरताना एमएसई प्राधान्याचा पर्याय निवडला होता ना? बरेच जण तिथेच अडकतात. नुसत्या व्यापाऱ्याला हा लाभ नाही.

खरेदीविभाग_निवृत्त: खरेदीदार राज्याचा असता तर आधी मध्यप्रदेशचे 2015 चे भंडार क्रय (सरकारी खरेदीचे) नियम वाचावे लागले असते. केंद्राचं धोरण तिथे आपोआप लागू होत नाही.

सांवेररोडकर: आणि पैसे अडकले तर?

निविदाकाका: माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवस, लेखी करार नसेल तर 15. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज. तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर. पोचपावतीवर तारीख नसेल तर दिवस मोजणार कुठून? ती आधी घ्या.