भाच्याची मानसिक तपासणी सांगितलीये, त्यात नापास झाला तर काय?

साताऱ्याचा_मामा
ताईचा मुलगा १७ चा आहे. गल्लीतल्या भांडणात एक जण गेला, त्या पोरांमधे हा पण होता, आता रिमांड होममधे आहे. बाल न्याय मंडळाने मानसिक तपासणी सांगितलीये. पोरगं नववीला दोनदा बसलंय, काहीही विचारा, कळो न कळो "हो" म्हणतं. परवा भेटीला गेलो तर ताईला विचारतो, साहेबांना सॉरी म्हटलं की शनिवारी सोडतील ना? तेव्हापासून ताईच्या पोटात अन्न नाहीये. तपासणीत नापास झाला तर सुटेल की मोठ्यांसारखी केस चालवतील?

कोर्टातला_काळा_कोट
दादा, पास-नापास असं काही नसतं ह्यात. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम १५ आहे ते. मुलगा १६ ते १८ मधला आणि गुन्ह्याला किमान ७ वर्षं शिक्षा असेल तर मंडळ बघतं की तो गुन्हा करण्याची मानसिक-शारीरिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, कुठल्या परिस्थितीत घडलं. गुन्हा केला की नाही ते इथे ठरत नाही. समजा मोठ्यांसारखी केस चालवायला पुढे बाल न्यायालयात पाठवलं, तरी ते कोर्ट परत विचार करतं आणि मंडळाच्या ऑर्डरवर सेशन्स कोर्टात अपील होतं. फाशी ह्या वयाला देताच येत नाही, हे ताईंना आजच सांगा.

समुपदेशक_ताई
मला त्या "सॉरी"ची जास्त काळजी वाटते. कलम १५ गुन्ह्याच्या वेळचं विचारतं, पण आत्ता केस काय चाललीये हे त्याला कळतंय का, वकिलाला नीट काही सांगता येतंय का, हे कोण बघणार? मी अशा मुलांसोबत काम करते. एक जण जामीन म्हणजे जमीन समजला होता, माझ्यासाठी घरची जमीन विकणार म्हणून रात्रभर रडला आणि आम्ही सगळे "समजलं ना?" विचारत होतो, तो हो म्हणत होता. भाच्याला "तुझ्या शब्दात सांग" म्हणा. आणि मंडळावर बालमानसशास्त्राची पदवी असलेलं कोणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागते, २०२२ ला गुरुग्रामच्या केसमधे सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, ते वकिलाला मागायला लावा.

कोर्टातला_काळा_कोट
ताईंचं अगदी बरोबर. बचाव करण्याइतकं कळतच नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (जुन्या CrPC च्या जागी आलेला कायदा) ३६७-३६८ कलमं आहेत, वकिलांना दाखवा. शाळेचे कागद आधी गोळा करा.

साताऱ्याचा_मामा
नववीची दोन्ही प्रगतीपुस्तकं सापडली, बाईंनी लाल पेनने लिहिलंय "सूचना समजत नाहीत". उद्या सकाळीच वकिलांकडे घेऊन जातो.