जाड पत्रा म्हणजे सुरक्षित गाडी?

'मारुती ८०० म्हणजे पत्र्याचा डबा, अ‍ॅम्बेसेडर म्हणजे रणगाडा' हे जुन्या गाड्यांच्या गप्पांत ऐकू येणारं म्हणणं मला अर्धंच पटतं. अ‍ॅम्बेसेडरचा पत्रा जाड होता, खरंय. पण धडकेत गाडीचं नाक चेपलं तरच दणका तिथे जिरतो, नाहीतर तो थेट आतल्या माणसांना बसतो. (मारुतीही त्या बाबतीत काही आदर्श नव्हती म्हणा.)

या दोन गाड्यांच्या तुलनेत आतल्या जागेचं गणित मात्र राहूनच जातं. जुन्या अ‍ॅम्बेसेडरचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि पुढे सलग सीट, म्हणून पुढेही तिघं मावायची. लग्नाला जाताना मधला हमखास मी, आणि वळणावळणाला ड्रायव्हरकाकांचं कोपर माझ्या बरगडीत! मारुतीत ७९६ सीसीचं इंजिन आडवं, ताकद पुढच्याच चाकांना. त्यामुळे बॉनेट आखूड आणि उरलेली बहुतेक लांबी माणसांना.