कुत्र्याला रोज किती खायला घालायचं? तुमचा हिशोब लिहा

धागाकर्ती: कोरड्या खाद्याच्या पाकिटावरचा तक्ता पाळूनही फ्लॅटमधली कुत्री सुटतात. तुम्ही प्रमाण कसं ठरवता? कृपया ग्रॅममध्ये लिहा, 'वाटीभर' नको.

दादरकर: किलोतल्या वजनाचा घन करा, वर्गमूळ दोनदा काढा, ७० ने गुणा. १० किलोला १००० → ३१.६ → ५.६२, म्हणजे ३९४ कॅलरी. ही झाली नुसतं पडून राहण्याची गरज. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला १.६ ने गुणा (सुमारे ६३०), न झालेल्यासाठी १.८ ने. चार महिन्यांखालच्या पिल्लाला ३, मग वाढ संपेपर्यंत २. पाकिटावर १०० ग्रॅमला ३६० कॅलरी असतील तर ६३० ÷ ३.६ = १७५ ग्रॅम, दोन वेळा मिळून. वजन उतरवायचं असेल तर आजचं नव्हे, हवं असलेलं वजन धरा आणि गुणक १ ठेवा. आठवड्याला एक-दोन टक्के उतरलं की पुरे.

परळची_शेपटी: आणि ते १७५ ग्रॅम काट्यावर मोजा हो. कप शिगोशीग भरला की सपाट, यातच रोजचा घोळ होतो. ब्रँड बदलला की दाण्याचा आकार बदलतो, कॅलरीही बदलतात; कप मात्र तोच.

बोरिवली_इंडी: वरचा आकडा फक्त सुरुवातीचा. त्याच वजनाच्या दोन कुत्र्यांची गरज बरीच वेगळी निघते. खरा निकाल बरगड्या देतात. हाताची मूठ वळून बोटांच्या पेरांवरून बोट फिरवा: बरगड्या तशा टोचल्या तर कुत्रा रोड. हात सपाट करून त्याच्याच मागच्या बाजूवरून बोट फिरवा: बरगड्या तशा लागल्या तर ठीक. तळव्यासारखं मऊ लागलं तर चरबी. केसाळ जातींत डोळ्यांवर भरवसा नकोच. दर पंधरा दिवसांनी त्याला उचलून काट्यावर उभे राहा, तुमचं वजन वजा करा, मग प्रमाण दहा टक्क्यांनी वर-खाली. नसबंदीनंतर मात्र थांबू नका, लगेच कमी करा. भूक वाढते आणि गरज घटते.

मुलुंड_पूर्व: सोसायटीचं काय? वॉचमन, लिफ्टमधल्या काकू, शाळेतून येणारी पोरं, सगळे बिस्किटं देतात. असा वरचा खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवायचा, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला ६३ कॅलरी. छोटं ग्लुकोज बिस्किट साधारण २० चं. तीन झाली की कोटा संपला! तूप न लावलेली मध्यम पोळीसुद्धा शंभराच्या आसपास. सकाळीच रोजच्या वाट्यातले वीस दाणे डबीत काढून वॉचमनकडे द्या, त्यालाही द्यायचा आनंद.

गिरगाव_चाळ: घरचं शिजवत असाल तर शिजलेला भात १०० ग्रॅमला १३०, बिनकातडीचं उकडलेलं चिकन १६० धरा. पण नुसत्या भात-चिकनमध्ये कॅल्शियम फार कमी, पिल्लांची हाडं वाकतात. डॉक्टरांकडून पूरक ठरवून घ्या. कांदा-लसूण आणि मनुका बंद.

परळची_शेपटी: पावसाळ्यात फिरणं निम्म्यावर येतं, वाटाही थोडा उतरवा. पाकीट मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दाणे मऊ पडले किंवा कुबट वास आला तर फेकून द्या, उन्हात वाळवून घालू नका. बुरशीचं विष वाळवून जात नाही.