ठाण्यात माणूस एकटा येतो का? तालुक्याच्या गावातला पोलीस अन् त्याचा मान

झेरॉक्सवाला
आमचं गाव गोदाकाठचं, तालुक्याचं. पोलीस ठाण्याच्या फाटकासमोर माझं झेरॉक्स अन् अर्ज टायपिंगचं दुकान आहे, 16 वर्षं झाली. किती ठाणेदार आले-गेले ते निरोपाच्या बॅनरवरून मोजता येईल (निम्मे बॅनर मीच छापून आणलेत, उधारी अजून बाकी आहे). बॅनरवर सगळेच ‘कर्तव्यदक्ष’. त्यामुळं गावात खरा मान कुणी कमावला, ते त्यावरून काही कळत नाही.

मला कळतं ते पायऱ्या चढणाऱ्या माणसांवरून. एखाद्या साहेबाच्या काळात बाई एकटी येते, अर्ज टाईप करून घेते, आत जाते. साहेब बदलला की तीच बाई आधी सरपंचाला नाहीतर कुणा ‘भाऊ’ला फोन लावते, अन् भाऊ येईस्तोवर माझ्या बाकड्यावर बसून राहते. कधी कधी दिवे लागेपर्यंत.

एक किस्सा सांगतो. एका म्हाताऱ्याची विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली. आमच्याकडं ही रोजचीच गोष्ट आहे. चोर केबल जाळून तांबं काढतात अन् भंगारात विकतात. आधी दोनदा त्याला “साधा अर्ज देऊन जा” म्हणून वाटेला लावलेलं. तिसऱ्या वेळी नवीन एपीआय (सहायक पोलीस निरीक्षक) आलेले होते. त्यांनी समोर बसवून गुन्हा नोंदवला अन् एफआयआरची प्रत हातात दिली, ती फुकटच द्यायची असते. खरी गंमत पुढं आहे. महिन्याभरानं त्यांनीच म्हाताऱ्याला फोन केला, “काका, केबल नाही सापडली अजून.” बस, एवढंच. म्हातारा आठवडी बाजारात ज्याला त्याला सांगत सुटला, “साहेबाचा फोन आला होता मला!” केबल आजतागायत सापडलेली नाही.

माझं म्हणणं एवढंच, की मान ठाणे अंमलदाराच्या टेबलावर मिळतो. तुमचं काय?

मोंढा_नाका
दादा, किस्सा चांगलाय पण केबल गेली ती गेलीच ना? आम्हाला फोन नको, दरारा पाहिजे. मोंढ्यात माझी आडत आहे. चार-पाच वर्षांखाली इथं रात्री अंधार पडला की टवाळ पोरं ट्रकवाल्यांकडून वसुली करायची. एक साहेब आले, रोज रात्री नऊला हातात काठी घेऊन पायी फिरायचे. दोघा-तिघांची भर बाजारातून धिंड काढली. वसुली बंद! व्यापाऱ्यांनी हार घातले. गोड बोलणाऱ्याला आमच्याकडं कुणी विचारत नाही.

माजी_जमादार
मी 33 वर्षं खाकी घातली, म्हणून दोघांनाही सांगतो.

झेरॉक्सवाले, तुम्ही फाटकाबाहेरून बघता. आत काय असतं? मंजूर माणसं कागदावर, त्यातले काही कोर्टात, काही समन्स-वॉरंटला, काही रजेवर. गणपती, मोहरम, जयंत्या, निवडणुका, कुठल्या मंत्र्याचा दौरा, सगळा बंदोबस्त उरलेल्यांच्या डोक्यावर. माझ्या बीटला, म्हणजे माझ्याकडं सोपवलेल्या हद्दीत, 30 गावं होती अन् मी एकटा. त्यात प्रत्येक केबलचा गुन्हा नोंदवला की महिन्याच्या क्राईम मीटिंगमध्ये ठाणेदाराला उभं करून विचारतात, “तुमच्याकडं गुन्हे वाढले कसे?” न नोंदवणारा शहाणा ठरतो. ही गोष्ट टेबलावरच्या अंमलदाराच्या हातात नाही.

2006 साली सुप्रीम कोर्टानं प्रकाश सिंह खटल्यात सांगितलं की ठाण्याच्या अधिकाऱ्याला किमान दोन वर्षं मिळावीत. अन् तरी चोरट्या वाळूचे हायवा (मोठे टिप्पर) अडवणारा अधिकारी त्याच गावात किती दिवस टिकतो, हे गोदाकाठच्या माणसाला मी सांगायची गरज नाही.

झेरॉक्सवाला
जमादार साहेब, तुमचं दुखणं मान्य. पण 2013 च्या ललिता कुमारी निकालात सुप्रीम कोर्टानंच म्हटलंय की दखलपात्र (पोलिसांनी स्वतःहून तपास करायचा असा) गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवावीच लागते. मीटिंगमध्ये साहेबाला बोलणी बसतात म्हणून म्हाताऱ्यानं तीन चकरा माराव्यात?

माजी_जमादार
मारू नयेत. पण साहेबाची बदली झाली तर चौथी चकर कुणाकडं मारणार, तेही सांगा.

सेलूची_लेक
मोंढेवाल्या दादांना विचारते: धिंड काढलेल्यांत मोठ्या घरचं पोरगं एक तरी होतं का? मी शाळेवर आहे, असली धिंड खिडकीतून पाहिलीय. आमच्याच शाळेतून नुकताच बाहेर पडलेला मुलगा होता तो. पुढं त्याच्यावर काही शाबीत झालं नाही, पण वर्ग अजून त्याला त्याच दिवसावरून ओळखतो. अन् ज्याच्या सांगण्यावरून वसुली चालायची तो त्या दिवशी ठाण्यात चहा पीत होता, हे गावाला ठाऊक होतं. याला दरारा म्हणायचं?

बायकांचं तर वेगळंच. साक्षीचा जबाब घ्यायला बाईला ठाण्यात बोलवायचं नसतं, घरी यायचं असतं, असं कायदा सांगतो. आमच्या शेजारणीला चार वेळा बोलावलं. पाचव्या वेळी एक महिला हवालदार ताई घरी आल्या, चुलीपाशी बसून जबाब लिहिला. गल्ली अजून त्यांचं नाव काढते.

मोंढा_नाका
ताई, मोठ्या घरचं पोरगं नव्हतं. खोटं कशाला बोलू. पण वसुली बंद झाली हेही खरंच आहे.

सेलूची_लेक
ते साहेब गेल्यावरही बंदच राहिली का?

मोंढा_नाका
...आता पुन्हा सुरू आहे.

तांड्यावरचा
आमचे आई-वडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की गाड्या भरायच्या, परतायचं ते पाडव्याच्या आसपास. एका साली आमच्या घराचं कुलूप फोडलं, भांडी गेली, आईच्या पाटल्या गेल्या. आल्यावर तक्रार द्यायला गेलो तर टेबलावरचा माणूस म्हणतो, “चोरी झाली कधी? तारीख सांग.” सहा महिन्यांत कधीतरी झाली, तारीख कुठून आणायची?

त्याच्या दोन वर्षांनंतर एक बीट जमादार दसऱ्याच्या आधीच तांड्यावर आले. कोणती घरं बंद राहणार त्याची वहीत यादी केली, नाईकाचा (तांड्याच्या प्रमुखाचा) नंबर घेतला, मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना सांगितलं की काही दिसलं तर सरळ मला लावा. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माणसं कमी असतील, कबूल. एक वही अन् दोन तास लागले होते.

पाव्हणे_कुठले
कुणी जातीवर बोलायलंच तयार नाही. 2025 मध्ये बीड जिल्ह्यात पोलिसांच्या नावाच्या पट्ट्यांवरून आडनावं काढली, नुसतं पहिलं नाव ठेवलं. मला ते आवडलं. पण तक्रारदाराचं आडनाव कसं काढणार? ते लपवलं तरी पुढचा प्रश्न ठरलेला, “गाव कोणतं? पाव्हणे कुठले?” आमच्याकडं हे दोन प्रश्न विचारले की सगळी कुंडली निघते. जो अधिकारी हे न विचारता लिहायला घेतो त्याला मी उठून नमस्कार करीन.

माजी_जमादार
विचारायचो मीही. सवयीनं. तेव्हा त्यात काही वाटायचं नाही.

झेरॉक्सवाला
आणखी एक. जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तपास कुठवर आला ते फिर्यादीला 90 दिवसांच्या आत कळवायचं, असं तिच्यात लिहिलंय. म्हणजे म्हाताऱ्याला आलेला तो फोन आता मेहरबानी राहिलेली नाही.

नवीन_मेंबर
चर्चा वाचली. माझी मोटारसायकल परवा बाजारातून गेली. उद्या ठाण्यात जायचंय. सोबत काय न्यावं?

झेरॉक्सवाला
आरसी, विमा अन् आधार, प्रत्येकी दोन झेरॉक्स. जागा अन् वेळ नीट आठवून ठेवा. प्रत घेतल्याशिवाय उठू नका. सोबत पुढारी नको.

मोंढा_नाका
तरी पण एखादा ओळखीचा असू द्या भाऊ.