लिनिअर ॲम्प्लिफायर घेताना कंपनी कशी पारखावी?

टिळकवाडीकर :
हौशी रेडिओवाल्यांत लिनिअर ॲम्प्लिफायरची, म्हणजे सेटची प्रक्षेपणशक्ती वाढवणाऱ्या यंत्राची, चर्चा निघाली की ती वॉटांवर येऊन थांबते. बिघडल्यावर कंपनी काय देते, हे फारसे कुणी विचारत नाही. जी कंपनी सर्किटची आकृती देत नाही आणि सुटे भाग विकत नाही, तिचा माल कितीही उत्तम असला तरी बेळगावात बसून तो घेऊ नये, असे माझे मत आहे. माझा युरोपीय बनावटीचा सॉलिड-स्टेट (ट्रान्झिस्टरवर चालणारा) ॲम्प्लिफायर चौदाव्या महिन्यात बंद पडला. कंपनीची उत्तरे तत्पर आणि नम्र होती, पण सगळ्यांचे तात्पर्य एकच, की यंत्र आमच्याकडे पाठवा. पंचवीस किलोचे खोके इथून धाडायचे, परत येताना हा नवा आयात केलेला माल नव्हे हे कस्टमला कागदपत्रांनी पटवायचे, आणि ट्रान्समिशनचे यंत्र म्हणून परवान्याच्या प्रती जोडत बसायचे, यात दुरुस्तीहून वाहतूकच महाग पडते. अखेर उद्यमबागेतल्या एका कारागिराने झाकण उघडून दोन तासांत सांगितले, की अँटेनाचा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, चिकटला आहे. रिलेवरचा क्रमांक मात्र कंपनीने खरवडून टाकलेला होता.

निपाणीकर :
आपला संताप समजतो, निष्कर्ष पटत नाही. आमच्याकडे थ्री-फेज आली की उसाचे पंप एकदम सुरू होतात आणि घरातला विजेचा दाब डोळ्यांदेखत खाली येतो. अशा विजेवर चालवलेल्या यंत्राच्या आयुष्याचा हिशेब कंपनीकडून मागणे न्याय्य नाही. आजच्या एलडीमॉस जातीच्या ट्रान्झिस्टरला साधारण ५० व्होल्ट पुरतात, पण त्याच्या गेटला, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या टोकाला, जादा ड्राइव्ह (सेटकडून येणारी शक्ती) सोसत नाही. पन्नास वॉटांच्या ड्राइव्हवर चालणाऱ्या यंत्राला आपण १०० वॉटांचा सेट जोडतो, पॉवर कमी करायला विसरतो, आणि मग कंपनीला बोल लावतो. आकृतीचे म्हणाल, तर व्हॉल्व्हच्या (निर्वात नळ्यांच्या) यंत्रात ३००० व्होल्टांच्या आसपास दाब असतो आणि यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) तो उरू शकतो. आकृती हाती आली की नवशिका झाकण उघडणारच. कंपनीने हात आखडता घेतला तर त्यात मला तरी गैर दिसत नाही.

टिळकवाडीकर :
माझ्याकडे स्टॅबिलायझर आहे, आणि चिकटलेल्या रिलेचा ड्राइव्हशी संबंध जोडणे ओढूनताणून होईल. धोक्याचा मुद्दा घेऊ. हीथकिट या अमेरिकी कंपनीचा एसबी-२२० हा ३-५००झेड जातीच्या दोन व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर ग्राहकाने स्वतः जोडायचा असे. त्यात उच्च दाब होताच, पण कोणता भाग कुठे बसवायचा, काय तपासायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे सगळे पुस्तिकेत क्रमाने दिलेले होते. कंपनीने १९९२ साली किट बनवणे थांबवले, तरी ते संच आजही दुरुस्त होऊन चालतात. विकणारा बाजारातून गेला तरी वस्तू जगते, याला मी विश्वासार्हता म्हणतो. आपण ज्याला सुरक्षितता म्हणता, ती मला ग्राहकाला कायमचे बांधून ठेवण्याची सोय वाटते.

खानापूरवासी :
दोघांचीही क्षमा मागून विचारतो, एवढा मोठा ॲम्प्लिफायर हवाच कशाला? आपल्याकडे जनरल वर्गाच्या परवान्याची मर्यादा ४०० वॉट. शंभरावरून चारशेवर गेल्याने ६ डेसिबल मिळतात, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मीटरवर जेमतेम एक एस-युनिट, सिग्नलच्या जोराची एक पायरी. तेच पैसे मी अँटेनाच्या मास्टवर (खांबावर) आणि चांगल्या केबलवर घालीन. त्याने समोरच्याचे ऐकूही जास्त येते, जे कोणत्याही ॲम्प्लिफायरने साधत नाही. शिवाय आमच्या पावसाळ्यात दमट हवेने व्हॉल्व्हच्या सॉकेटवर बुरशी धरते आणि दाब चढताच ठिणग्या उडतात. हा बिघाड कोणत्या कंपनीच्या वॉरंटीत बसतो?

निपाणीकर :
बुरशीपुढे मी हात टेकतो. एसबी-२२० चे उदाहरणही खोडून काढता येत नाही, फक्त तो साधा, मोकळा-ढाकळा संच होता; आजच्या यंत्रात मायक्रोकंट्रोलर आणि त्याचा प्रोग्राम असतो, जो आकृती मिळूनही हाती लागत नाही. तरी क्रमांक खरवडण्याचे समर्थन मी करणार नाही. तो रिले अखेर मिळाला का?

टिळकवाडीकर :
मूळचा नाही मिळाला. कारागिराने कॉइलचा दाब मोजला, पायांमधले अंतर पट्टीने घेतले आणि जुन्या टेलिफोन उपकरणातला एक रिले बसवला. तीन महिने झाले, चालतो आहे, फक्त खटका जरा मोठ्याने वाजतो.