मदत हवी आहे: जीआरई क्वांट १५८ वर अडकलंय, हातात सात आठवडे

अर्धवर्तुळ:
जीआरई, म्हणजे परदेशातल्या मास्टर्स-पीएचडी प्रवेशाची परीक्षा, द्यायची आहे. पॉवरप्रेपच्या (अधिकृत सराव चाचण्या) पहिल्या मोफत चाचणीत क्वांटला, म्हणजे गणिताच्या विभागात, १७० पैकी १५८. हवेत १६५ च्या वर. शिक्षण मेकॅनिकलचं, म्हणजे कॅल्क्युलसपर्यंत सगळं झालंय, पण चुका आठवी-नववीच्या गणितात होतात. २७ पैकी ९ चुकले: ५ 'ए मोठं की बी' तुलनेचे, २ 'लागू होणारे सगळे पर्याय निवडा'चे, १ आलेखाचा, १ वेळ संपल्याने राहिला. क्लास लावावा का? आणि जवळची पुस्तकं २०२३ च्या आधीची आहेत, ती टाकून द्यायची का?

घनमूळ:
पुस्तकं ठेवा. २२ सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा १ तास ५८ मिनिटांची झाली, अभ्यासक्रम तोच राहिला. पूर्वी क्वांटच्या एका भागात २० प्रश्नांना ३५ मिनिटं होती. आता पहिल्या भागात १२ प्रश्न २१ मिनिटांत, दुसऱ्यात १५ प्रश्न २६ मिनिटांत. भागाकार करून बघा, प्रश्नामागे तेव्हाही पावणेदोन मिनिटं होती, आजही जवळजवळ तेवढीच आहेत.

क्लासची गरज दिसत नाही. नऊपैकी पाच चुका एकाच प्रकारात आहेत, तिथूनच सुरुवात करा. इंजिनिअरिंगवाले तुलनेचा प्रश्न 'सोडवायला' जातात. तो सोडवायचा नसतो, मोडायचा असतो. उदा. ए: ५क्ष, बी: ३क्ष. दोन्हीकडे क्ष ने भागलं, ५ मोठे, उत्तर ए. चूक! क्ष ऋण असेल तर बी मोठं, शून्य असेल तर दोन्ही सारखे. उत्तर डी, म्हणजे ठरवता येत नाही. दोन्ही बाजूंना तीच संख्या मिळवा किंवा वजा करा, खुशाल. गुणायचं-भागायचं असेल तर ती राशी धन आहे याची खात्री आधी हवी.

चल राशी दिसली की हे क्रमाने घालून बघा: ०, १, -१, १/२, -१/२, मग एखादी मोठी धन आणि एखादी मोठी ऋण. दोन वेगळे निकाल मिळाले की डी लिहून पुढे निघा. उलट, दोन्हीकडे नुसते आकडेच असतील तर डी कधीच उत्तर नसतं, कारण दोन ठरलेल्या संख्यांची तुलना होतेच.

आणखी एक हमखास सापळा: क्ष² = १६ दिलं तर क्ष ४ किंवा -४, पण √१६ म्हणजे फक्त ४.

बाकी_शून्य:
'सगळे पर्याय' प्रकारात अर्धे गुण नाहीत. एक सुटला की पूर्ण प्रश्न गेला. नमुना: एका धन पूर्णांकाला ६ ने भागल्यावर बाकी ४ उरते, १२ ने भागल्यास बाकी किती असू शकेल? बरेच जण ४ निवडून थांबतात. यादी करा: ४, १०, १६, २२... बाक्या ४, १०, ४, १०. दोन्ही निवडायच्या. यादीत ४ स्वतःही येतो, तो लोक विसरतात.

आलेखाच्या चुकीचं कारण बहुधा मिलियन-बिलियन असेल. १ मिलियन म्हणजे १० लाख, १ बिलियन म्हणजे १०० कोटी. पण माझं मत, लाख-कोटीत आणूच नका, मिलियनमध्येच गणित संपवा. आणि २०% वरून २५% ही ५ टक्के-बिंदूंची वाढ असली तरी टक्क्यांत विचारलं तर ती २५% आहे.

शिस्तप्रिय:
वेळेबद्दल. एका भागातल्या सगळ्या प्रश्नांना सारखंच वजन असतं, ऋण गुण नाहीत. तरी माणसं चौथ्या प्रश्नावर साडेतीन मिनिटं घालवतात आणि शेवटचे दोन सोपे वाचतही नाहीत. दोन मिनिटांत वाट दिसली नाही तर अंदाजाने काहीतरी निवडा, 'मार्क' दाबा, पुढे जा. त्या भागाची वेळ संपेपर्यंत परत येता येतं. पहिल्या भागातल्या बरोबर उत्तरांवर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, म्हणून पहिल्यात निष्काळजीपणा महाग पडतो.

परीक्षेत मिळणाऱ्या कॅल्क्युलेटरवर विसंबू नका. पडद्यावर ८ आकडेच मावतात. ७ च्या ५० व्या घाताचा एकक अंक विचारला तर तो 'एरर' दाखवेल. घातांचे एकक अंक ७, ९, ३, १ असे फिरतात, ५० ला ४ ने भागून बाकी २, म्हणून उत्तर ९. हा कॅल्क्युलेटर क्रियांचा क्रम पाळतो: १ + २ × ४ ला ९ दाखवतो, दुकानातला साधा १२ दाखवेल. घरी सराव करताना हा फरक बोटांना माहीत हवा.

अर्धवर्तुळ:
तुलनेच्या पाचांपैकी दोन भूमितीचे निघाले. आकृतीत काटकोन दिसत होता म्हणून ९० धरला.

घनमूळ:
मग तिथेच गेलं. जीआरईत भूमितीच्या आकृत्या प्रमाणात असतीलच असं नाही. सरळ दिसणारी रेषा सरळ धरा, रेषेवरच्या बिंदूंचा क्रम धरा. कोनांची मापं आणि लांब-आखूड मात्र दिलेल्या माहितीतूनच. तीच आकृती मुद्दाम वाकडी काढून बघा, उत्तर बदललं तर डी. निर्देशक भूमितीतली आकृती आणि आलेख मात्र प्रमाणात असतात.

आठवडे असे वापरा. पहिले तीन: अंकगणित, बीजगणित, भूमिती, ईटीएसची (परीक्षा घेणारी संस्था) मोफत मॅथ रिव्ह्यू पीडीएफ समोर ठेवून. चौथा-पाचवा: १२ प्रश्न २१ मिनिटांत, रोज एक मिश्र संच. सहाव्यात पॉवरप्रेपची दुसरी मोफत चाचणी. ती आधी खर्च करू नका. सातव्यात फक्त चुकांची वही. वहीत प्रश्न उतरवत बसू नका, चूक कुठल्या पायरीवर झाली एवढंच एका ओळीत: 'ऋण संख्या तपासली नाही', 'टक्के विचारले, ०.१२५ भरलं'. तीच ओळ तिसऱ्यांदा आली की त्याच प्रकारचे दहा प्रश्न सलग सोडवा.

बाकी_शून्य:
घरून देणार असाल तर साधा कागद चालत नाही. छोटा व्हाइटबोर्ड, नाहीतर पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद आणि पुसता येणारा मार्कर. त्यावर लिहायला जागा कमी पडते, तेव्हा चौथ्या आठवड्यापासून सरावही त्यावरच करा.