सावलीचा गोळा आणि मालकी

आकाशातून पडलेल्या रॉकेट-उपग्रहाच्या तुकड्यांबद्दल इथल्या चर्चेत कुणीतरी ‘पडलं ते ज्याच्या शेतात, त्याचं’ असं म्हटलंय, ते बरोबर नाही. मे २०२२ मध्ये आपल्या बडोदा जिल्ह्यात सावली तालुक्यात आणि शेजारी आणंदकडे धातूचे गोळे पडले, तसले तुकडे भंगारात जाता कामा नयेत. १९६७च्या अंतराळ कराराच्या (देशादेशांमधल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) आठव्या कलमानुसार वस्तू वर अंतराळात असो की जमिनीवर, तिची मूळ मालकी बदलत नाही.

भरपाईचं मात्र इथे कुणी नीट मांडलेलं नाही. अंतराळातल्या वस्तूंमुळे होणाऱ्या नुकसानीबद्दलच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय करारात जमिनीवरच्या नुकसानीला प्रक्षेपण करणारा देश चूक सिद्ध न करताही जबाबदार असतो. पण दावा शेतकरी नाही, केंद्र सरकार करतं, साधारण एका वर्षाच्या आत. म्हणून तलाटी-पोलिसांकडून त्याच दिवशी पंचनामा हवाच: फोटोत शेजारी मोजपट्टी, तुकड्यावरचे क्रमांक, पिकाचं किंवा छपराचं नुकसान. नुसता खड्डा पडला तर हाती फारसं लागत नाही. आणि रॉकेट आपल्याच देशाचं असेल तर आपल्या नागरिकाला हा करार लागूच होत नाही. ही उणीव देशाच्या कायद्यानेच भरायला हवी.

हात तर अजिबात लावू नका. असा गोळा इंधनाची टाकी असू शकतो आणि टाकीत हायड्राझिन हे इंधन उरलेलं असू शकतं, ते विषारी असतं आणि कातडीतूनही शरीरात जातं. वरचं कार्बन फायबरचं वेष्टण उसवलं असेल तर त्याचे बारीक तंतू कातडीत रुततात. वारा आपल्याकडून तुकड्याकडे वाहील अशा बाजूला लांब उभं राहा, पोरांना हटवा, ११२ला फोन करा.